बुलडाण्याचा बालरोग विभाग

बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. प्रवेशक्षमता १०० असून ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यापूर्वी १३ तालुक्यांच्या या जिल्ह्यातून अत्यवस्थ अर्भकांना अनेकदा अकोल्याची वाट धरावी लागे.

बालरोग विभागात प्राध्यापक, सहयोगी व सहायक प्राध्यापक आणि निवासी डॉक्टर अशी उतरंड असते. अध्यापकांच्या यादीत परिसेविका, अधिपरिचारिका येत नाहीत. मात्र कमी वजनाच्या बाळाचे तापमान, श्वास आणि दूध यांवर रात्रभर नजर त्यांचीच. जुन्या महाविद्यालयांत रात्रपाळीचा मोठा भार पदव्युत्तर विद्यार्थी वाहतात. नव्या महाविद्यालयात तो अभ्यासक्रम सुरू होईपर्यंत हा भार सहायक प्राध्यापकांवर पडतो. त्यामुळे इमारतीपेक्षा पदभरती अधिक निकडीची. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूरकरांना तर बुलडाणाही लांबच.