साठीनंतरची तब्येत: घरातल्या बुजुर्गांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी

आपल्या देशात वयाची ६० वर्षे पूर्ण झाली की कायद्याने माणूस ज्येष्ठ नागरिक ठरतो. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची संख्या १० कोटींच्या वर होती. आपल्या घरांत मात्र म्हातारपण कागदावरच्या वयाने येत नाही. अब्बांनी दुकानाची किल्ली मुलाच्या हातात दिली, अम्मींनी स्वयंपाकघराचा ताबा सुनेकडे दिला, की सगळे म्हणू लागतात, "बस झालं, आता आराम करा." हे प्रेमानेच म्हटलं जातं. पण तब्येतीला सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच आहे.

उतारवयात स्नायू आपोआप झिजत जातात आणि बसून राहिलं की ही झीज दुपटीच्या वेगाने होते असं वाटावं इतका फरक दिसतो. तापाने आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळलेले नाना बरे झाल्यावर भिंत धरून चालू लागतात ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्या लोकांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं अशा वेगाने चालायचं की बोलता येईल पण थोडा दम लागेल. ताकदीसाठी जिम नको. हात न टेकवता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, असं दहा वेळा. तोलासाठी ओट्याला धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहायचं. सुरुवातीला कुणीतरी शेजारी असावं.

पुरुष मंडळी निदान मस्जिदीपर्यंत जातात-येतात. चार लोक भेटतात, सलाम-दुआ होते, पाय मोकळे होतात. घरातल्या दादी-नानींचं काय? त्यांचा पूर्ण दिवस पलंग, जानमाज आणि खिडकी यांत जातो. ऊन अंगाला लागत नाही म्हणून ड जीवनसत्त्व कमी, हालचाल नाही म्हणून हाडं ठिसूळ, आणि बोलायला माणूस नाही. माझ्या मते आपल्या मोहल्ल्यांत बुजुर्ग बायकांच्या तब्येतीकडे पुरुषांच्या निम्म्यानेही लक्ष दिलं जात नाही. असरनंतर दोन-तीन शेजारणींनी मिळून गल्लीत किंवा गच्चीवर फेऱ्या मारल्या तर कुणाची हरकत असायचं कारण नाही.

नमाज, खुर्ची आणि ओला वजूखाना

"पाच वेळची नमाज म्हणजे व्यायामच," असं आपण नेहमी ऐकतो. नमाज इबादत आहे, तिला व्यायामाच्या तराजूत तोलू नये. रुकू-सजद्याने सांधे मोकळे राहतात हे खरं, पण चालण्याची जागा त्याने भरून निघत नाही. गुडघे साथ देत नसतील तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज पढायची सवलत हदीसमध्ये स्पष्ट आहे. तरी काही बुजुर्ग हट्टाने जमिनीवरून उठताना दुखणं वाढवून घेतात. उलट काही जण जरा कुठे गुडघा कुरकुरला की कायमची खुर्ची पकडतात. उभं राहता येत असताना खुर्ची घेऊ नये, हे डॉक्टरही सांगतील. कोणत्या हालतीत काय करायचं, हा मसला इमामसाहेबांना विचारावा.

खरा धोका वेगळीकडे आहे. तहज्जुद किंवा फजरला माणूस अंधारात एकदम उठतो. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताक्षणी रक्तदाब खाली येतो, चक्कर येते, पुढे ओली फरशी असते. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, महिनोन्‌महिने परावलंबन, आणि अनेकदा माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालतच नाही. उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावं. बाथरूममध्ये घट्ट बसवलेला दांडा, न घसरणारी रबरी चटई, वुजूसाठी बसायला पक्कं स्टूल, आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा. कालीनची दुमडलेली कड आणि झिजलेली सपाता, या दोन गोष्टी आजच घराबाहेर काढा. सगळा खर्च दोन-तीन हजारांच्या आत बसतो. ईदच्या एका जोडीचा खर्च.

शुगर असताना रोजा

या विषयावर दरवर्षी घराघरांत वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

२००१ साली १३ मुस्लिम देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप-२ मधुमेह असलेल्या सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये रोजे ठेवल्याचं दिसलं. त्याच पाहणीत दवाखान्यात दाखल करावं लागेल इतकी शुगर उतरण्याचं प्रमाण या रुग्णांत इतर महिन्यांच्या तुलनेत सात पटींहून जास्त निघालं. याचा अर्थ शुगरवाल्याने रोजा ठेवूच नये असा नाही. ज्यांची शुगर आटोक्यात आहे, किडनी-हृदय ठीक आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवतात आणि व्यवस्थित पार पाडतात. पण सल्ला चाँदरातीला घ्यायचा नसतो. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जा. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी उपाशीपोटी शुगर झपाट्याने उतरू शकते. सकाळची गोळी आपल्या मनाने सहेरीला ढकलणं हा प्रकार तर अजिबात नको.

रोज्यात बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. घरात यंत्र असेल तर दुपारी आणि असरच्या सुमारास तपासावं. शुगर ७० च्या खाली आली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, अशी डॉक्टरांची सरळ सूचना आहे. घाम फुटणं, हात थरथरणं, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर यंत्र शोधत बसू नये. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. इफ्तारला दहाच मिनिटं उरली आहेत, सबर करा, असं म्हणणाऱ्या घरच्यांनी हे लक्षात घ्यावं की मेंदूला साखर कमी पडली तर दहा मिनिटंही फार होतात. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. थेट दवाखाना.

आजारी माणसाला सवलत सूरह बकरामध्ये दिलेली आहे. पुढे बरं व्हायची आशा असेल तर कजा रोजे ठेवता येतात, आणि त्यासाठी हिवाळ्यातले छोटे दिवस सोयीचे. आजार कायमचाच असेल तर फिदया आहे. दर रोज्यामागे एका गरजूचं जेवण. अनेक बुजुर्गांना फिदया देणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. मुलाने समजावलं तर ते ऐकत नाहीत, मौलानांनी दोन शब्द सांगितले की ऐकतात. तेव्हा मौलानांना आधी जाऊन भेटा.

रोजा ठेवणाऱ्यांनी सहेरी टाळू नये आणि ती उशिरा करावी. इफ्तारला खजूर दोन-तीन पुरेत. भजी, समोसे आणि रंगीत शरबत यांनी महिनाभर सांभाळलेली शुगर तासाभरात चढते. इफ्तार ते सहेरी थोडं थोडं पाणी पीत राहावं. वय वाढलं की तहानेची जाणीवच कमी होते, त्यामुळे "तहान नाही" म्हणजे "पाणी पुरेसं आहे" असं समजू नये.

ताटात काय असावं

लोकांना वाटतं आपल्या घरांत गोश्त शिजतं, म्हणजे प्रथिनं भरपूर. घरात शिजतं, पण दात गेलेल्या दादीच्या ताटात काय पडतं ते पाहा. रश्श्यात बुडवलेली चपाती. आणि सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेली खारी किंवा टोस्ट. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. उतारवयात शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. अंडं, दही, मऊ शिजवलेली डाळ, काटे काढलेला मासा, खिम्याची खिचडी, नरम दालचा असं काही प्रत्येक जेवणात हवं. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरच ठरवतील. कवळी बसवून घेणं हा सौंदर्याचा नाही, पोषणाचा खर्च आहे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात लोणचं, पापड आणि कोकणातली सुकी मासळीही मोजायची. निहारी-पाये महिन्यातून कधीतरी, वरची तर्री बाजूला काढून. तंबाखू, मिश्री आणि पानाबद्दल वेगळं काय लिहायचं! सोडायला उशीर झाला असं कोणतंच वय नसतं.

गोळ्यांचा डबा

शुगर एकाकडे, बीपी दुसऱ्याकडे, गुडघे तिसऱ्याकडे, आणि वर हकीमसाहेबांचं माजून. या सगळ्यांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिलेल्या नसतात. वर्षातून दोनदा घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरसमोर ओतावीत. मेडिकलमधून आपणच आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या (डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन) रोज घेतल्या तर बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासावं, ते कमी होऊ शकतं. युनानी औषधं घेणाऱ्यांनी कुश्ते धातूंपासून बनतात हे ध्यानात ठेवून किडनीची तपासणी करावी आणि दोन्हीकडे खरं सांगावं. हजला जाताना आपण बिनतक्रार लस टोचून घेतो. घरी राहणाऱ्या बुजुर्गांसाठीही फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची लस असते, तिची मात्र चौकशीच होत नाही.

कान, आठवण आणि "असर"

मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयांत मोफत होतं, आता बहुतेक लोक करूनही घेतात. कानांच्या बाबतीत मात्र लाज आडवी येते. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, घरचे म्हणतात दादा हल्ली चिडचिडे झालेत. डिमेन्शियावरील लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. त्यांत ऐकू कमी येणं, नजर कमी होणं, मधुमेह, बीपी, तंबाखूचा धूर आणि एकटेपणा आहे. या सगळ्यांची काळजी घेतली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांत हा आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकतो, असं आयोग म्हणतो. चष्म्याची शरम वाटत नाही तर कानाच्या मशीनची का वाटावी?

विसरभोळेपणा नेहमीच डिमेन्शियाचा नसतो. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, उदासी यांनीही आठवण बिघडते आणि ती सुधारते. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. काल चांगली असलेली नानी आज अचानक असंबद्ध बोलू लागली, माणसं ओळखेना, नसलेल्या लोकांशी बोलू लागली, तर आपल्याकडे "असर झाला" म्हणून आधी तावीज-पाण्याकडे धाव घेतात. बहुतेक वेळा यामागे लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, शुगर उतरणं किंवा नवं औषध असतं. दुआ जरूर करा, पण रिक्षात बसून दवाखान्याच्या वाटेवर करा.

मन रमवणं

शाळेत हल्ली पालकसभेला निम्मे तरी दादा-दादीच येतात. बाप दुबईला किंवा कुवेतला, आई एकटी घर सांभाळते. पैसा येतो, रोज व्हिडिओ कॉल येतो, पण त्या कॉलवर अम्मी कधीच म्हणत नाही की तिला झोप येत नाही. परदेशात असलेल्या मुलाला कशाला काळजी! दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडालेली, कशात मन नाही, "अल्लाहने आता उचलून घ्यावं" असं वारंवार तोंडी येतं, तर तो वयाचा भाग नसून उपचार असलेला आजार असू शकतो. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. तीच माणसं, त्यांचं पूर्ण आयुष्य. त्यातून पुढे आलेली ठळक गोष्ट ही की म्हातारपणी तब्येत आणि समाधान टिकवण्यात नात्यांच्या उबेचा मोठा हात असतो. मुलाने कॉलवर "जेवलात का, गोळी घेतली का" एवढंच विचारू नये. सल्ला मागावा. लग्नाच्या शीरखुर्म्याचं प्रमाण, जमिनीच्या जुन्या कागदांचा किस्सा, नातवाला उर्दू कायदा शिकवण्याचं काम. ज्याची गरज कुणाला तरी आहे तो माणूस सकाळी उठून कपडे बदलतो.

पैसा, घर आणि हक्काच्या सवलती

७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. आधार कार्डावर नोंदणी होते आणि योजनेतल्या रुग्णालयांत कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एसटीत ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धं तिकीट, ७५ नंतर राज्यात प्रवास मोफत.

घर हयातीतच मुलांच्या नावे करण्याची घाई आपल्याकडे फार. तोंडी हिबा करून ताबा दिला की परत फिरणं कठीण होतं. द्यायचंच असेल तर "हयातभर सांभाळ करीन" ही अट कागदावर लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ चा आधार त्या अटीमुळे भक्कम होतो. मुलं सांभाळत नसतील तर याच कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. त्रास, मारहाण, घराबाहेर काढणं अशा वेळी १४५६७ ही एल्डरलाइन मदत करते. शेजाऱ्यानेही फोन केला तरी चालतो.

आणि एक कागद आजच बनवा. नाव, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, रक्तगट, दोन फोन नंबर. एक प्रत दादांच्या खिशात, एक फ्रिजवर. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तो लकवा समजून घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन लावा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली, हा प्रश्न डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात.