हृदयाचे द्वारपाल

मिस्साविधीच्या प्रारंभी आपण पापांची कबुली देतो, तेव्हा विचार, शब्द, कृती आणि कर्तव्यातील कसूर अशी चार दालने एकामागून एक उघडतो. त्यांत विचाराचे दालन पहिले. शब्द आणि कृती निदान दुसऱ्याला दिसतात. विचार मात्र आपला आपल्यालाच ठाऊक. म्हणून कुमसाराला जाणाऱ्या अनेक भाविकांच्या मनात एक प्रश्न सतत सलत असतो: नको असतानाही मनात येऊन गेलेला विचार, हे पाप काय? काहीजण या प्रश्नापायी वर्षानुवर्षे झुरतात. काहीजण विचारांचा हिशेब ठेवणेच सोडून देतात. या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात शोधले होते. ते कसे शोधले गेले, कसे हरवले आणि पुन्हा कसे सापडले, हा इतिहास उद्बोधक आहे.

इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती श्रद्धेला मोकळीक मिळाली आणि छळाचे पर्व ओसरू लागले. रक्तसाक्ष्याची वाट बंद झाली, तेव्हा प्रभूसाठी सर्वस्व देऊ पाहणाऱ्या अनेकांनी वाळवंटाची वाट धरली. संत अंतोनीचा (मृत्यू इ. स. ३५६) आदर्श त्यांच्यासमोर होता. घर, शेतीवाडी, धनदौलत सारे मागे टाकून ही माणसे झोपडीत येऊन बसली आणि त्यांच्या ध्यानात आले, की मागे टाकलेली प्रत्येक वस्तू विचाराच्या रूपाने आपल्याआधीच येथे पोहोचली आहे! वाईट विचार माणसाच्या अंतःकरणातूनच निघतात, हे प्रभू येशूचे वचन (मार्क ७) त्यांना तेथे प्रत्ययाला आले. या विचारांना ते ग्रीक भाषेत ‘लोगिस्मोय’ म्हणत.

या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले ते एव्हाग्रियस या विद्वानाने. त्याचा जन्म इ. स. ३४५ च्या सुमारास पाँतस प्रांतात झाला. संत बाझिलने त्याला वाचकपद दिले, नाझियांझसच्या संत ग्रेगरीने त्याला उपयाजक केले. पुढे कॉन्स्टँटिनोपल नगरीत त्याच्या वक्तृत्वाचा बोलबाला झाला. तथापि तेथेच एका उच्चपदस्थाच्या पत्नीवर त्याचे मन जडले. आपण बंदिवासात पडलो आहोत, असा दृष्टांत त्याला झाला आणि तो जेरुसलेमला निघून गेला. तेथे पुन्हा भपक्याचा मोह, पुन्हा द्विधा मन. त्यात सहा महिन्यांचे आजारपण. जैतून डोंगरावरील मठाच्या प्रमुख मेलानिया यांनी त्याच्याकडून सारी कथा वदवून घेतली व त्याला मठवासी जीवनाची वाट दाखवली. हा वृत्तांत त्याचा शिष्य पल्लाडियस याने लिहून ठेवला आहे. इ. स. ३८३ च्या सुमारास एव्हाग्रियस इजिप्तमध्ये आला. दोन वर्षे नित्रिया येथे आणि नंतर इ. स. ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलिया येथे, हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरीत तो राहिला. विचारांविषयी त्याने लिहिले ते पुस्तकी पांडित्यातून नव्हे. तो स्वतः त्यांच्याकडून घायाळ झालेला होता.

त्याने असे आठ विचार सांगितले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. यांतील ‘उबगा’चे त्याने केलेले वर्णन वाचताना आजही हसू येते आणि वर्मही लागते. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत हा विचार मठवाशाला गाठतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटते. तो खिडकीतून डोकावतो, भोजनाची वेळ किती दूर आहे ते पाहतो; जागेचा, कामाचा, सोबत्यांचा त्याला वीट येतो आणि दुसरीकडे गेल्यास देव अधिक लवकर भेटेल असे वाटू लागते. यावर एव्हाग्रियसचा उपाय साधा होता: झोपडी सोडू नकोस.

परंतु त्याचे खरे योगदान एका भेदरेषेत आहे. हे विचार मनाला त्रास देतील की नाही, हे आपल्या हाती नाही; ते मनात रेंगाळतील की नाही, विकार चेतवतील की नाही, हे आपल्या हाती आहे. हृदयाच्या दाराशी आलेल्या प्रत्येक विचाराला द्वारपालाप्रमाणे थांबवून ‘तू आपल्यातला की शत्रूकडचा?’ असे विचारावे, असा त्याचा उपदेश होता. त्याच सुमारास संत अगस्तीननेही प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाचे विवरण करताना पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सूचना, रुची आणि संमती. पाप पूर्णत्वाला जाते ते संमतीने. दोघांची भाषा वेगळी, निष्कर्ष मात्र एकच.

विचारांशी लढण्याची साधनेही वाळवंटाने घडवली. प्रभूने मोहाच्या प्रसंगी सैतानाला शास्त्रवचनांनी उत्तर दिले, हे ध्यानी घेऊन एव्हाग्रियसने आठ विचारांना प्रत्युत्तर देणाऱ्या जवळजवळ पाचशे वचनांचा संग्रह केला. दुसरे साधन म्हणजे वडीलधाऱ्या मठवाशापुढे विचार उघड करणे. लपवलेला विचार बळावतो, बोललेला विचार दुबळा होतो, हा त्यांचा अनुभव होता.

पुढचा इतिहास मात्र खेदजनक आहे. विकारांच्या गुलामीतून मुक्त झालेल्या मनाला एव्हाग्रियस ‘अपाथेया’ म्हणे. संत जेरोमने त्यावर टीका केली, की असा माणूस एक तर दगड असेल किंवा देव! ओरिजनच्या शिकवणीवरून वाद पेटला. एव्हाग्रियसच्या मृत्यूनंतर वर्षभरातच त्याच्या सहकाऱ्यांना नित्रिया आणि केलिया सोडावे लागले. इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मपरिषदेच्या सुमारास त्याच्या तात्त्विक मतांचा निषेध झाला. त्या वचनसंग्रहाची मूळ ग्रीक प्रत नष्ट झाली. तो सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांतून उरला. प्रार्थनेवरील त्याचा ग्रंथ संत निलस या दुसऱ्याच नावाने वाचला जात राहिला.

तथापि बीज वाचले होते. इजिप्तमध्ये अनेक वर्षे राहिलेला योहान कॅसियन इ. स. ४१५ च्या सुमारास मार्सेय येथे स्थिरावला आणि त्याने ते आठ विचार लॅटिन भाषेत पश्चिमेला दिले. एव्हाग्रियसचे नाव त्याने कोठेही घेतले नाही. वादग्रस्त ‘अपाथेया’ऐवजी त्याने शुभवर्तमानातील ‘हृदयाची शुद्धता’ हा शब्द योजला. त्याने दिलेला पाणचक्कीचा दृष्टांत तर कोणाही गृहिणीला पटेल. पाणी वाहते आहे तोवर जाते फिरतच राहणार. ते थांबवणे माणसाच्या हाती नाही. पण त्यात गहू घालायचा की विषारी तण, हे चक्कीवाल्यानेच ठरवायचे असते. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत कॅसियनचे ग्रंथ वाचण्यास सांगितले आणि ही परंपरा युरोपभरच्या मठांत पोहोचली.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत ग्रेगरी यांनी या यादीची फेररचना केली. गर्व हे सर्वांचे मूळ मानून त्यांनी सात दुर्गुण सांगितले. उबग खिन्नतेत मिसळला आणि मत्सर नव्याने आला. त्यातूनच आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली सात प्रमुख पापे घडली. इ. स. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही ती सांगताना कॅसियन आणि ग्रेगरी यांचा उल्लेख आहे. या प्रवासात एक गोष्ट मात्र निसटली. मुळात ही यादी वैद्याची होती, रोगाची लक्षणे ओळखण्यासाठी. सामान्य भाविकाच्या मनात ती न्यायाधीशाची झाली.

वैद्याची ती दृष्टी संत इग्नेशियस लोयोला यांच्या ठायी नव्याने प्रकटली. इ. स. १५२१ मध्ये पाँप्लोना येथे जखमी होऊन पडले असता कोणत्या विचारानंतर मन शुष्क होते आणि कोणत्या विचारानंतर शांत, हे त्यांनी न्याहाळले. पुढे मानरेसा येथे जुन्या पापांच्या शंकांनी त्यांना इतके ग्रासले, की आत्मघाताचा मोह झाला. या अग्निपरीक्षेतून गेलेल्या माणसानेच आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथात स्पष्ट केले, की आलेल्या वाईट विचाराला जो ताबडतोब परतवतो, त्याच्या पदरी दोष नव्हे, पुण्य पडते. इ. स. १५४२ मध्ये गोव्यात आलेले संत फ्रान्सिस झेवियर आणि इ. स. १५७९ मध्ये आलेले, ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स हे दोघेही याच साधनेत घडलेले. वाळवंटातील ती शिदोरी येशूसंघीयांच्या हातून आपल्या किनाऱ्याला लागली, ती अशी.

म्हणून पापनिवेदनाला जाताना मनात काय आले, एवढेच न विचारता, आपण कोणाला आत घेतले, बसायला पाट दिला आणि जेवू घातले, हे विचारावे. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण आपल्या दारावरून जाणारच. त्याचा दोष घरमालकाला लागत नाही. दाराशी जागे राहणे एवढेच त्याचे काम, आणि त्या जागरणात तो एकटा नसतो.