घरपट्टीतून उभा राहिलेला जलमहाल

गावात एखादी सार्वजनिक वास्तू उभी राहते तेव्हा कोनशिला बसते, पाहुणे येतात, भाषणे होतात. पुढे तीस-चाळीस वर्षांनी त्याच वास्तूचे छप्पर गळू लागते, त्या दिवशी मात्र फीत कापायला कुणी येत नाही. सार्वजनिक पैशाचा इतिहास आपण बहुधा कोनशिलांवरून वाचतो. तो गळक्या छपरांवरूनही वाचायला हवा, असे आम्हांस वाटते. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या एका पोहण्याच्या तलावाची हकीकत त्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

या हकीकतीचे मूळ शेजारच्या लिव्हरपूल शहरात सापडते. 1832 साली तेथे कॉलऱ्याची साथ पसरली. आयर्लंडमध्ये जन्मलेली किटी विल्किन्सन नावाची एक कष्टकरी स्त्री गरिबांच्या वस्तीत राहत असे. तिच्या घरी चुलाण्यावर पाणी उकळण्याचे मोठे भांडे बसवलेले होते. आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणे उकळून धुण्यासाठी तिने आपले स्वयंपाकघर शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोकळे करून दिले. ज्या काळी रोगजंतूंचे शास्त्र जन्मासही आले नव्हते, त्या काळी स्वच्छतेने साथ रोखता येते हे या अल्पशिक्षित बाईने कृतीने दाखवले. तिच्या खटाटोपातूनच 1842 साली लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह व धुणीघर उघडले.

एकीच्या स्वयंपाकघरातली ही सोय लवकरच कायद्याच्या पुस्तकात गेली. 1846 साली ब्रिटिश पार्लमेंटने स्नानगृहे आणि धुणीघरे यांचा कायदा मंजूर केला. नगरपालिकांना व पॅरिशांना स्थानिक करातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून, अशी स्नानगृहे बांधण्याची मुभा त्याने दिली. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंडमध्ये पॅरिश हा जसा धर्मजीवनाचा, तसाच स्थानिक कारभाराचाही घटक होता. गरिबांसाठीचा कर त्याच्याच नावे गोळा होत असे. कायद्याने दरही बांधून दिले: सर्वांत खालच्या वर्गातील थंड पाण्याच्या स्नानाला एक पेनी आणि गरम पाण्याच्या स्नानाला दोन पेनी, याहून अधिक आकार घ्यायचा नाही. शिवाय कष्टकऱ्यांसाठीच्या न्हाण्या वरच्या वर्गाच्या न्हाण्यांच्या निदान दुप्पट असल्याच पाहिजेत, अशी अट होती. पुढे 1878 च्या कायद्याने छप्पर असलेले पोहण्याचे तलाव बांधण्याचा मार्गही मोकळा झाला. काल जे दान होते, ते आता नागरिकाच्या हक्काच्या जवळ येऊन ठेपले.

या धोरणाचा सर्वांत देखणा आविष्कार म्हणजे मँचेस्टरचे व्हिक्टोरिया बाथ्स. नगर वास्तुशिल्पी हेन्री प्राइस यांच्या आराखड्यानुसार ते उभे राहिले आणि 1906 च्या सप्टेंबरमध्ये खुले झाले. खर्च आला 59,144 पौंड. लाल विटा व फिकट टेराकोटा यांचे पट्टे, हिरव्या लाद्यांच्या भिंती, रंगीत काचांच्या खिडक्या. एका खिडकीत तर चक्क पावित्र्याचा देवदूत! ज्यांच्या घरी न्हाणीघर नव्हते अशा कुटुंबांसाठी तो खरोखरीच जलमहाल होता.

तरीही या महालात समता नांदत होती असे म्हणता येणार नाही. तीन तलाव होते: पुरुषांचा पहिला वर्ग, पुरुषांचा दुसरा वर्ग आणि स्त्रियांचा. विहिरीतून उपसलेले ताजे पाणी आधी पहिल्या वर्गाच्या तलावात जाई, तेथून दुसऱ्या वर्गाच्या आणि सर्वांत शेवटी स्त्रियांच्या. घरपट्टी सर्वांची, निर्मळ पाणी मात्र थोड्यांचे! पैसा सार्वजनिक झाला म्हणजे न्याय आपोआप होतो, असे नसते. स्त्री-पुरुषांच्या एकत्र पोहण्यास तेथे 1914 मध्ये आरंभ झाला.

तीन पिढ्या तेथे पोहायला शिकल्या. 1983 साली शासनाने या वास्तूची नोंद संरक्षित वारसा म्हणून केली. परंतु नोंदवहीतील मानाने छप्पर दुरुस्त होत नाही. डागडुजीचा वाढता खर्च नगरपालिकेला पेलवेना, आणि 13 मार्च 1993 रोजी दारे बंद झाली. परिसरातील माणसे हळहळली, निषेधासाठी एकत्र आली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मित्रमंडळ स्थापले आणि पुढे विश्वस्त संस्थाही उभी केली. इकडे शहरात नव्या तलावासाठी निधी उभा राहिला. 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने सुमारे 3 कोटी 20 लाख पौंड खर्चाचे जलक्रीडा केंद्र 2000 साली खुले झाले. शहराला त्याची गरज होती, यात वाद नाही. पण पाहुण्यांच्या सोहळ्यासाठी थैली जितक्या लवकर सैल होते, तितकी घरच्यांच्या नित्याच्या गरजेसाठी होत नाही, हे जगभरचे वास्तव येथेही दिसते.

2003 साली बीबीसीने मोडकळीस आलेल्या वास्तूंसाठी दूरचित्रवाणीवर एक स्पर्धा घेतली. देशभरातील तीस वास्तू त्यात होत्या. प्रेक्षकांनी मते दिली, आणि व्हिक्टोरिया बाथ्स जिंकले! सुमारे 34 लाख पौंडांचा निधी मंजूर झाला. त्याचा मोठा वाटा लॉटरीच्या उत्पन्नातून आला होता. इमारतीचा दर्शनी भाग त्यामुळे पुन्हा उजळला. सगळ्या वास्तूला मात्र तो पैसा पुरणारा नव्हता. विजयानंतर चौदा वर्षांनी, 2017 साली, मोठ्या तलावात पुन्हा पाणी खेळले. तेही मोजक्या दिवसांच्या पोहण्यापुरते. मधल्या काळात कार्यक्रम, सहली आणि समारंभ यांच्या मिळकतीवर व स्वयंसेवकांच्या श्रमांवर ती वास्तू तगून राहिली.

या स्वयंसेवकांच्या चिकाटीचे कौतुक करावे तितके थोडे. तरी एक प्रश्न मनात घोळत राहतो. 1846 साली जी गोष्ट घरपट्टीतून, सर्वांच्या वाट्यातून, दरवर्षी देण्याची म्हणून ठरली, ती 2003 मध्ये स्पर्धेतले बक्षीस कशी झाली? तीसपैकी एक वास्तू जिंकली. उरलेल्यांच्या छपरांचे काय? बक्षीस एकदाच मिळते, छप्पर मात्र दर पावसाळ्यात गळते.

किटी विल्किन्सनने भांडे एकदा चुलाण्यावर चढवून समाधान मानले नाही. साथ ओसरेपर्यंत रोज सरपण घालणे आणि रोज पाणी उकळणे हेच तिचे खरे कार्य होते. शाळा असो, दवाखाना असो वा पोहण्याचा तलाव, सार्वजनिक वास्तूसाठी निधी मागताना आपण पहिल्या दिवसाबरोबर चाळिसाव्या वर्षाचाही हिशेब मांडावा. वास्तू बांधणाऱ्यांची नावे शिळेवर राहतात. ती राखणाऱ्यांची राहत नाहीत. पण पोरे पोहायला शिकतात ती राखणाऱ्यांच्याच पुण्याईवर.