शीव पाण्याची, सोयरीक माणसांची

श्रोतेहो, दोन गावांची शीव कुठं आहे, हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. कुठं ओढा असतो, कुठं जुनं चिंचेचं झाड, तर कुठं शेंदूर फासलेला दगड. शिवेपलीकडच्या गावात आपली लेक दिलेली असते, तिकडची लेक आपल्या घरात सून म्हणून नांदत असते. शीव असते, पण तिच्यामुळे कुणाचं जाणं-येणं अडत नाही. आता समजा, हीच शीव उद्या दोन देशांची सरहद्द झाली तर? आज ज्या गावाची हकीगत सांगणार आहे, त्याच्यावर असाच प्रसंग आला.

या गावाचे नाव बारिओ. आग्नेय आशियात बोर्निओ नावाचे मोठे बेट आहे. मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई असे तीन देश त्यावर नांदतात. मलेशियाच्या सारावाक राज्यात, अगदी आतल्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर एक पठार आहे. चहूकडे घनदाट वर्षावन. तिथे राहणाऱ्या लोकांना केलाबित म्हणतात. त्यांच्या भाषेत बारिओ म्हणजे वारा. पूर्वेकडचा डोंगर ओलांडला की इंडोनेशियाचा क्रायान हा मुलूख लागतो. तिथले लुन दायेह लोक बोलीने, चालीरीतीने आणि नात्यागोत्यानेही यांना जवळचे.

वर्षावनातली माणसं म्हटली की जंगल तोडायचं, जाळायचं आणि राखेत बी पेरायचं, अशी फिरती शेती आपल्या डोळ्यांपुढे येते. केलाबितांनी तीही केली. पण सपाट जागी त्यांनी बांध घातले, ओढ्याचे पाणी वळवले, म्हशी-रेडे फिरवून चिखल तुडवला आणि भाताची खाचरे उभी केली. आपल्या कोकणातला शेतकरी तिथे गेला, तर त्याला हे काही परकं वाटणार नाही. इथला बारीक दाण्याचा तांदूळ आज सबंध मलेशियात नावाजलेला आहे. दुसरी दौलत मिठाची. समुद्र किती दूर! पण डोंगरात खारे झरे आहेत. ते पाणी मोठ्या कढयांत आटवायचं, मीठ बांबूच्या नळ्यांत भरायचं आणि विस्तवावर भाजून घट्ट करायचं. डोंगरवाटांनी देवघेव चाले, सोयरिकी होत.

थोर माणूस गेला की त्याच्या नावाने हे लोक मोठे दगड उभारीत. आपल्या गावच्या वेशीवर वीरगळ असतात, त्यांची आठवण व्हावी असे. कधी डोंगराच्या धारेवरची झाडी तोडून आकाशरेषेत खाच पाडीत. लांबून ती दिसली, की अमक्याची खूण, असे लोक ओळखीत. डोंगरावरच्या खुणा अशा माणसांच्या आठवणीच्या होत्या.

आता सरहद्दीकडे येऊ. १८४१ मध्ये जेम्स ब्रूक नावाचा इंग्रज सारावाकचा राजा बनून बसला आणि पुढे त्याच्या घराण्याने राज्य वाढवीत नेले. दक्षिणेकडून डच सत्ता पसरत होती. २० जून १८९१ रोजी लंडनमध्ये इंग्रज व डच सरकारांचा करार झाला आणि बेटाची वाटणी ठरली. या भागात शीव कशी ठरवली? पाणलोटावरून. डोंगरमाथ्याच्या या अंगाला पडलेला पाऊस ज्या नद्यांना मिळतो तो मुलूख सारावाकचा, त्या अंगाचा डचांचा. नकाशा काढणाऱ्याला हे सोयीचं. पण पाणी वाटलं म्हणून माणसं थोडीच वाटली जातात? करारावर पठारावरच्या एकाही माणसाची सही नव्हती. त्यांचे जाणे-येणे पूर्वीसारखेच चालू राहिले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा सारावाकमध्ये उतरल्या. पुढे २५ मार्च १९४५ रोजी टॉम हॅरिसन हा इंग्रज अधिकारी आणि त्याचे सात साथीदार विमानातून छत्रीच्या साहाय्याने बारिओच्या पठारावर उतरले. केलाबितांनी त्यांना आसरा दिला, ओझी वाहिली, वाटा दाखवल्या. थोड्याच काळात हॅरिसनने आपले ठाणे बेलावितला हलवले. बेलावित होते डच हद्दीत! तिथे गावकऱ्यांनी बांबू अंथरून लहान विमानांसाठी धावपट्टी केली. शत्रूशी लढताना १८९१ ची रेघ कुणाच्या आड आली नाही. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, या पठारावर पहिली शाळा निघाली.

खरा घाव बसला तो पुढे. १६ सप्टेंबर १९६३ रोजी सारावाक मलेशियात सामील झाले. इंडोनेशियाचा त्याला विरोध होता. सरहद्दीवर चकमकी सुरू झाल्या, ब्रिटिश आणि गुरखा पलटणी आल्या, स्थानिक तरुणांची टेहळणीसाठी भरती झाली. सरहद्दीजवळच्या वस्त्यांना सुरक्षिततेसाठी बारिओला हलवण्यात आले. लाकडाची लांबच लांब घरे, एकेका घरात अनेक कुटुंबे. ती घरे आणि पिढ्यांनी कसलेली खाचरे मागे राहिली. ११ ऑगस्ट १९६६ रोजी समेट झाला, पण त्यांतल्या कित्येक वस्त्या पुन्हा वसल्या नाहीत. आजचे बारिओ वाढले ते या विस्थापितांमुळे. धरणाखाली ज्यांची गावं गेली, त्या आपल्या मंडळींना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे केलाबितांची मुलं शिकली, नोकऱ्यांसाठी शहरांत गेली. खाचरात राबायला माणूस कमी पडू लागला, तेव्हा मजूर आले ते क्रायानहून. क्रायानच्या लोकांना आपल्याच देशाचा किनारा गाठणे अवघड. त्यांची साखर आणि इंधन बऱ्याच अंशी मलेशियातून येई. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सरहद्द बंद झाली. इकडे मजूर मिळेनात, तिकडे साखर मिळेना. कागदावरची रेघ अशी थेट चुलीपर्यंत आली.

लोक मात्र गप्प बसलेले नाहीत. २००४ मध्येच दोन्ही बाजूंच्या डोंगरी लोकांनी आपला एक संयुक्त मंच स्थापला. आपले जंगल, तांदूळ आणि भाषा कशी राखायची, याचा विचार ते एकत्र बसून करतात. २०११ मध्ये बारिओत गावकऱ्यांचे स्वतःचे लहानसे रेडिओ केंद्रही सुरू झाले. ध्वनिलहरींना तर कुठलाच डोंगर आपला-परका नसतो!

शिक्षक मित्रांना शेवटी एवढंच सांगेन. वर्गात नकाशा टांगून सरहद्दीवरून छडी फिरवाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि मुलांना विचारा, "या रेघेच्या दोन्ही बाजूंना कोण राहत असेल रे? त्यांची लेक कुठं दिली असेल?" उत्तर पुस्तकात नसेल. पण शिवेपलीकडे आत्या किंवा मावशी असलेलं एखादं पोर हात वर करील, आणि तुमचा इतिहासाचा तास तिथून सुरू होईल.