नोटा छापल्या की सोनं वाढतं?

१५ ऑगस्ट १९७१, रविवार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन रात्री टीव्हीवर आले आणि त्यांनी जाहीर केलं, की डॉलरच्या बदल्यात सोनं देणं आम्ही तात्पुरतं थांबवत आहोत. त्या 'तात्पुरत्या'ला आता पन्नास वर्षं उलटून गेली आहेत.

१९४४च्या ब्रेटन वुड्स करारात जगातली चलनं डॉलरला बांधली होती आणि डॉलर सोन्याला. एका औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, ३५ डॉलर. हे सोनं मागायचा हक्क परदेशी सरकारांना आणि मध्यवर्ती बँकांना होता. सामान्य अमेरिकन माणसाला तर १९३३पासून सोन्याची नाणी किंवा लगडी बाळगायलाच बंदी होती. पुढे व्हिएतनाम युद्धाचा आणि घरच्या योजनांचा खर्च वाढला, डॉलर जगभर साचले आणि तिजोरीतलं सोनं त्यांना पुरेनासं झालं. फ्रान्सने तर साठच्या दशकातच डॉलर देऊन सोनं घरी न्यायला सुरुवात केली होती. निक्सन यांनी अखेर दारच लावून घेतलं.

त्यानंतरच्या दशकात तेल भडकलं, महागाई भडकली आणि २१ जानेवारी १९८० रोजी लंडनमध्ये सोन्याचा भाव ८५० डॉलरवर गेला. आज रील्समध्ये ऐकू येणारा मंत्र याच दशकातून आला आहे: सरकारं नोटा छापतात, म्हणून सोनं घ्या.

मला या मंत्राबद्दल शंका आहे. कारण गोष्ट १९८०मध्ये संपत नाही.

१९७९मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले. त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले. बेकारी वाढली, कारखाने बंद पडले, पण महागाई मोडली. सोनं स्वतःहून व्याज देत नाही. बँकेतलं व्याज महागाईपेक्षा कमी असतं तेव्हा त्याचा हा दोष कोणाला खुपत नाही. व्याज महागाईच्या वर गेलं की तो खुपू लागतो. १९९९मध्ये भाव २५२ डॉलरपर्यंत घसरला. ब्रिटनने नेमकं तेव्हाच आपलं निम्म्याहून अधिक सोनं विकायला काढलं. १९८०च्या शिखरावर सोनं घेतलेल्या अमेरिकन माणसाला तोच आकडा पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडावं लागलं. अठ्ठावीस वर्षं! आणि तोवर त्या ८५० डॉलरची किंमत महागाईने खाल्लेली होती.

मग आपल्या आज्या सोन्याला इतकं का मानत होत्या? त्यांचा हिशेब रुपयात होता. १९८०मध्ये डॉलर साधारण ८ रुपयांना होता, १९९९मध्ये ४३च्या आसपास. डॉलरमध्ये सोनं सत्तर टक्के पडलं, तरी आंतरराष्ट्रीय भावाने रुपयात ते दीडपटीहून जास्त झालं. आजीला सोनं चढताना दिसत होतं, प्रत्यक्षात रुपया उतरत होता. तरीही त्याच काळात, १९८६पासून, पीपीएफवर १२ टक्के व्याज मिळत होतं, म्हणजे सहा-सात वर्षांत पैसे दुप्पट. नुसता हिशेब पाहिला तर पोस्टातलं पासबुक पाटल्यांना भारी पडलं. पाटल्यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट होती: अडल्या वेळी बाई त्या कोणाची सही न घेता मोडू शकत होती.

आता 'छपाई'कडे येऊ. २००८च्या मंदीनंतर फेडने जे केलं त्यात छापखान्याचा फारसा संबंध नव्हता. फेडने बँकांकडून सरकारी आणि गृहकर्जांचे रोखे विकत घेतले आणि तेवढे आकडे बँकांच्या फेडमधल्या खात्यांत जमा केले. फेडचा ताळेबंद ९०० अब्ज डॉलरवरून साडेचार हजार अब्जांवर गेला. सोनं २०११मध्ये १,९०० डॉलरला पोचलं. पण तो पैसा बराचसा खात्यांतच पडून राहिला, महागाई भडकली नाही आणि २०१५च्या अखेरीस सोनं १,०५० डॉलरवर आलं. २०२०मध्ये मात्र सरकारने चेक थेट लोकांच्या हाती दिले. जून २०२२मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्के झाली. मंत्राप्रमाणे सोन्याने उसळायला हवं होतं. पण फेड व्याजदर भराभर वाढवत होतं आणि सोन्याने ते वर्ष जिथे सुरू केलं, जवळपास तिथेच संपवलं.

खरी उसळी नंतर आली, तीही व्याजदर चढे असताना. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा परकीय साठा गोठवला. दुसऱ्याच्या तिजोरीतला पैसा रातोरात परका होऊ शकतो, हे सगळ्या देशांनी पाहिलं. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये भाव ४,००० डॉलरच्या पुढे गेला.

आपली रिझर्व्ह बँकही या रांगेत आहे. १९९१मध्ये तिने सुमारे ४७ टन सोनं परदेशी पाठवून गहाण ठेवलं आणि ४० कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं. २००९मध्ये तिनेच नाणेनिधीकडून २०० टन विकत घेतलं. देशाच्या बाबतीतही सोन्याचं काम तेच, अडल्या वेळचं.

म्हणून ॲपवर शंभर रुपयांचं सोनं घेताना 'नोटा किती छापल्या' हे विचारून फार काही हाती लागत नाही. दोन प्रश्न जास्त कामाचे आहेत. बँकेतलं व्याज महागाई वजा जाता किती उरतं? आणि देशांचा एकमेकांच्या चलनावरचा विश्वास वाढतोय की आटतोय? पहिल्याचं उत्तर बदललं की सोनं वीस-वीस वर्षं झोपू शकतं, हे १९८०ने दाखवलं. तिसरा प्रश्न अगदी व्यवहारातला: सोनं ठेवलंय कोणाकडे? गोल्ड ईटीएफवर सेबीची देखरेख असते, ॲपवरच्या 'डिजिटल गोल्ड'वर नसते. आजीच्या पाटल्या निदान तिच्याच कपाटात होत्या.