विमानप्रवासातील इलेक्ट्रॉनीय साधने, वापरावरील निर्बंध

प्रवाशांनी जवळ बाळगलेली रेडिओ, भ्रमणध्वनी, संगणक इ. साधने उड्डाणात केव्हा व कशी वापरावीत, यासंबंधीचे नियम. या नियमांचा उगम सुटसुटीत एफएम रेडिओत आहे. ग्राही केवळ लहरी ग्रहण करतो, असा समज असला, तरी त्यातील स्थानिक आंदोलक स्वतः क्षीण लहरी उत्सर्जित करतो. एफएम प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात होते व आंदोलकाची कंप्रता बहुधा त्याहून १०.७ मेगॅहर्ट्‌झने अधिक असते. त्यामुळे ९८ मेगॅहर्ट्‌झचे केंद्र लावताच १०८.७ मेगॅहर्ट्‌झची लहर निघते. आणि वैमानिकास दिशा दाखविणारी व्हीओआर यंत्रणा १०८ ते ११८ मेगॅहर्ट्‌झ याच पट्ट्यात चालते. म्हणून अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने मे १९६१ मध्ये असे रेडिओ उड्डाणात वापरण्यास बंदी केली.

पुढे सर्वच साधने या नियमाखाली आली. श्रवणयंत्र, हृदयाचा गतिकारक, ध्वनिमुद्रक व विजेवर चालणारे दाढीचे यंत्र एवढ्यांचाच नावानिशी अपवाद करण्यात आला. (वस्तुतः दाढीच्या काही यंत्रांतील चलित्राच्या ठिणग्यांनीही रेडिओगोंगाट निर्माण होतो.) अन्य साधन निरुपद्रवी असल्याची खात्री विमानकंपनीने करून घ्यावयाची होती. नित्य नव्या साधनांची एकेक करून कसोटी घेणे अशक्यप्राय असल्याने कंपन्यांनी बहुधा सरसकट मनाईचाच सोयीचा मार्ग पत्करला.

भ्रमणध्वनीवरील अमेरिकेतील बंदीचे मूळ मात्र वेगळे असून त्याबद्दल गैरसमज फार आहे. १९९१ चा तो नियम विमानवाहतूक प्रशासनाचा नसून संघीय दळणवळण आयोगाचा होता. जमिनीवरील फोनचा संबंध जवळच्या मोजक्या मनोऱ्यांशी येतो. उंचावरील फोन एकाच वेळी अनेक मनोऱ्यांपर्यंत पोहोचून तीच कंप्रता ठिकठिकाणी अडवितो. रक्षण करावयाचे होते ते जमिनीवरील जाळ्याचे, विमानाचे नव्हे.

विमानास असलेल्या धोक्याचा पुरावा नेहमीच अपुरा राहिला. ६ जून २००३ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चजवळ लहान विमान कोसळून वैमानिकासह आठजण मरण पावले. वैमानिकाच्याच भ्रमणध्वनीमुळे मार्गनिर्देशक उपकरणाने चुकीची दिशा दाखविली असावी, अशी केवळ शक्यता चौकशी अहवालाने नोंदविली.

साधन किती प्रारण सोडते याऐवजी विमान किती सहन करते, हे तपासले जाऊ लागल्यावर कोंडी फुटली. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेने, विमानांची ही सहनक्षमता सिद्ध करणाऱ्या कंपन्यांना, प्रक्षेपण बंद ठेवलेली लहान साधने उड्डाण व अवतरण यांवेळीही वापरू देण्याची मुभा दिली. भारताने एप्रिल २०१४ मध्ये हेच धोरण स्वीकारले. डिसेंबर २०१८ च्या भारतीय नियमांनी विमानातील भ्रमणध्वनी सेवेस वाट करून दिली. पण ३,००० मीटर ही किमान उंची घालून दिली, ती जमिनीवरील जाळ्यांस अडथळा होऊ नये म्हणूनच.

रेडिओलहरींची धास्ती अशी ओसरत असताना लिथियम विद्युत्‌ घटांच्या आगीचा धोका पुढे आला. सॅमसंग गॅलक्सी नोट ७ हा फोन विमानात नेण्यासच अमेरिकेने ऑक्टोबर २०१६ मध्ये मनाई केली. बंद स्थितीतही तो जवळ बाळगता येत नसे.