सापाची कात अडकते तेव्हा

कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ होतात, मग निवळतात आणि काही दिवसांत कात तोंडापासून सुटते. निरोगी सापाची कात मोज्यासारखी उलटी, अखंड निघते.

हवा कोरडी असली की तुकडे पडतात. साताऱ्यातला माण, सांगलीतला जत इथला उन्हाळा बॉल पायथनला सोसत नाही. त्याला आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास लागते; कात टाकताना थोडी जास्त. भोक पाडलेल्या डब्यात ओले शेवाळ ठेवावे. पिंजराच सतत चिंब ठेवला तर खवले कुजतात.

शेपटीवर उरलेले कातीचे कडे रक्तपुरवठा तोडते. डोळ्यावरची कात चिमट्याने ओढू नये, डोळा जाऊ शकतो; ते काम पशुवैद्याचे.

नाग, धामण पाळणे मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, अगदी नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्यातही.